शरीर, मन आणि संसार (लेखांक ९) : ‘धात जाते’ म्हणजे काय?

बेसाहून आलेलं एक पत्र बाजूला ठेववत नाही. लग्नाला दोन वर्षं झालेल्या एका ताईंचं. ‘यांना धात जाते म्हणे. ताकद टिकावी म्हणून हॉलमध्ये झोपतात. कुठलंसं चूर्ण घेतात. मी त्यांना आवडत नसेन का?’

ताई, तुमचा इथे काहीही दोष नाही.

आयुर्वेदाने सात धातू मानले. रसापासून सुरू होणारी ती साखळी शुक्रावर, म्हणजे वीर्यावर (बोलीतली ‘धात’), संपते. त्यातूनच शुक्र गेलं की अंगातला अर्कच गेला, ही भीती घराघरांत रुजली. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी या भीतीने येणाऱ्या थकव्याला, छातीच्या धडधडीला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. पण ही भीती आपल्यापुरती नाही. स्वित्झर्लंडच्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० मध्ये हस्तमैथुनाच्या ‘दुष्परिणामां’वर पुस्तक लिहून अख्ख्या युरोपला घाबरवून सोडलं होतं.

मग लघवीतून पांढरं जातं ते काय? बहुतेक वेळा फॉस्फेटचे क्षार. शौचाला जोर केला की प्रोस्टेटचा थोडा स्रावही येतो. वीर्य शरीर सतत तयार करत असतं. ते साठवून ताकद वाढत नाही आणि गेल्याने घटत नाही. जळजळ असेल, पू दिसत असेल, तर मात्र तो संसर्ग असू शकतो आणि त्याला उपचार लागतात.

खरं नुकसान भीती करते. ताठरतेसाठी शरीराला नायट्रिक ऑक्साइड लागतो. रक्तवाहिन्या सैल करणं हे त्याचं काम. घाबरलेल्या माणसाचं अ‍ॅड्रेनालिन त्या आवळून धरतं. ताठरता येत नाही, ‘कमजोरी’ची खात्री पटते, नवरा अंथरूण वेगळं करतो. बायको त्याचा अर्थ स्वतःच्या रूपाशी जोडते. दोघंही बोलत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोडप्यांत मूळ तक्रारीपेक्षा या अबोल्याची जखम खोल असते.

चूर्णाबद्दल मला राग आहे आणि तो लपवणार नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी रुळालगतच्या भिंतींवरच्या जाहिराती वाचत जा. उलट ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांनी त्यात वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, तर १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. खरं सांगणाऱ्याला दंड आणि भीती विकणाऱ्याला भिंत, हे मला आजही सहन होत नाही.

ताई, चूर्ण आजच बंद करायला सांगा. लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्या. डॉक्टरकडे दोघंही जा. त्यांना एकट्याला पाठवू नका. आणि हा लेख हॉलमध्ये, त्यांच्या उशाशी ठेवा.