समुद्र दहा महिने देतो, हप्ता बारा महिने मागतो



बंदी सुरू आहे. बोटी धक्क्याला लागल्यात, जाळी शिवायला काढलीत. अशा दिवसांत धक्क्यावर बसलं की चार घरच्या गोष्टी कानावर येतात. त्यातलीच ही एक. घर कोणाचं ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने ती बऱ्याच घरांची गोष्ट आहे.

एका बोटमालकाने मुलाला ८० हजारांचा फोन हप्त्यावर घेऊन दिला. मुलगा कॉलेजात, स्वतःची कमाई नाही, म्हणून कर्ज बापाच्या नावावर. मे महिन्यापर्यंत हप्ते सुटत गेले. जूनमध्ये बोट बंद झाली आणि जून-जुलैचे दोन्ही हप्ते चुकले. ऑगस्टमध्ये डिझेल-बर्फाच्या खर्चासाठी ते किसान क्रेडिट कार्ड काढायला बँकेत गेले. तिथे साहेबांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "काका, तुमचा सिबिल खाली गेलाय. फोनचे दोन हप्ते थकलेत."

ज्या माणसाने आयुष्यात बर्फवाल्याचा एक पैसा बुडवला नाही, तो फोनपायी थकबाकीदार ठरला. शेवटी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बोट सोडली. मग हंगामभर मासळी त्यालाच आणि तो म्हणेल त्या भावाने घालावी लागली.

जरा हिशोब मांडूया. ८० हजारांचं कर्ज, दोन वर्षांची मुदत, व्याज १५ टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण ३,८८० रुपये होतो. एकूण भरायचे ९३ हजार. म्हणजे १३ हजार नुसतं व्याज. "नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याजच नाही" असं दुकानदार सांगतो. पण रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट बहुतेक वेळा तिथे मिळत नाही, प्रोसेसिंग फी वेगळी लागते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. हप्ता चुकला तर दंड कर्ज देणाऱ्या कंपनीचाही बसतो आणि खात्यात पैसे नव्हते म्हणून बँकेचाही.

पगारदार माणसाच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. आपलं तसं नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आवक बंद, आणि नेमका त्याच दिवसांत बोटीचा रंग, इंजिनाचं काम, जाळ्यांची दुरुस्ती असा खर्च उभा राहतो. हप्त्याला मात्र बंदी ठाऊक नाही.

उलट बाजूला बघा. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुलं झालं. ठराविक मर्यादेपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे पैसा ४ टक्क्यांना पडतो. १५ टक्क्यांच्या फोनसाठी ४ टक्क्यांचं दार बंद करून घेणं परवडेल का?

आता पोरांना शिव्या घालणं सोपं आहे. पण शेजाऱ्याने जास्त घोड्यांचं इंजिन बसवलं म्हणून गरज नसताना आपणही बसवलंच ना? लग्नात मोठा मांडव घातलाच ना? मिरवायची हौस पोरं आपल्याकडूनच शिकली.

आणखी एक गोष्ट आहे. ती पोरं बोलत नाहीत. कॉलेजात "तुझ्या बॅगेला मासळीचा वास येतो" असं एकदा ऐकलेलं पोर ते विसरत नाही. महागडा फोन हातात असला की आपण कुठल्या घरचे हे कोणी विचारत नाही, असं त्याला वाटतं. म्हणून तर आरशासमोर उभं राहून फोनच्या पाठीवरचं चिन्ह दिसेल असा फोटो काढायचा. ८० हजार त्या चिन्हाचे असतात. कामाचं म्हणाल, तर खोल समुद्रात रेंज महागड्या फोनलाही नाही आणि १२ हजारांच्या फोनलाही नाही. तिथे व्हीएचएफच कामाला येतो. हवामान खात्याचा इशारा किंवा मासे कुठल्या भागात मिळतील ही हैदराबादच्या इन्कॉइसची माहिती साध्या स्मार्टफोनवरही फुकट दिसते.

म्हणून एक विनंती. पोराने फोन मागितला तर लगेच "नाही" म्हणू नका आणि लगेच दुकानातही जाऊ नका. बोटीची वही त्याच्यासमोर ठेवा. डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचा वाटा किती, आणि शेवटी घरात काय उरलं, ही बेरीज त्यालाच करू दे. फोन घ्यायचाच ठरला तर हंगामात थोडे थोडे बाजूला टाकून रोखीने घ्या. हप्त्यावर घेतलाच, तर जून-जुलैचे दोन हप्ते मे महिन्यातच खात्यात ठेवा.

आणि बेरीज करून झाली की त्याला एवढंच सांगा, "बाळा, तुझी कॉलेजची फी याच वासाच्या पैशातून गेलीय. लाज वाटावी असं त्यात काही नाही."

१ ऑगस्टला बोट सुटेल. ती व्यापाऱ्याच्या उचलीवर सुटायची की आपल्या जोरावर, हे या दोन महिन्यांत घराघरात ठरवूया.