खाऱ्या वाऱ्यात जंक्शन बॉक्स निवडताना

मुंबई, प्रतिनिधी - घराचे वायरिंग करून घेताना ग्राहक तारेची कंपनी विचारतो, स्विचचा रंग निवडतो आणि फार तर एमसीबी किती अँपिअरचा बसवला याची चौकशी करतो. तारा जिथे एकमेकींना जोडल्या जातात ती जंक्शन बॉक्सची लहानशी पेटी मात्र वीजतंत्र्याच्या पिशवीतून जी निघेल ती भिंतीवर चढते. वास्तविक, सलग तार सहसा दगा देत नाही. बिघाड होतो तो जोडाच्या ठिकाणी. माहुलसारख्या खाडीकाठच्या वस्तीत तर ही पेटी चुकली तर तिची किंमत पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच मोजावी लागते.

चेंबूरच्या दक्षिणेला असलेल्या माहुलच्या एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने व साठवणटाक्या आहेत, तर दुसऱ्या अंगाला खाडी, खारफुटी आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांनी भरून जाणारा चिखलाचा पट्टा आहे. मुंबईला वीज पुरविणारे ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्रही येथून हाकेच्या अंतरावर आहे. वीजनिर्मितीच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांच्या भिंतीवरील जोड मात्र अनेकदा काळ्या टेपच्या भरवशावर असतात, हा विरोधाभासच म्हणायचा. मीटरपर्यंतची यंत्रणा वीज कंपनीची असली, तरी मीटरनंतरच्या प्रत्येक जोडाची जबाबदारी घरमालकाचीच असते.

एमसीबीला न दिसणारी आग

जोड सैल असला की नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. २००० वॉटच्या गिझरला सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या मार्गातील एखाद्या जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम वाढला, तरी त्या एका बिंदूवर सुमारे ४० वॉट उष्णता निर्माण होते. ही उष्णता सोल्डरिंग आयर्नच्या टोकाएवढी म्हणता येईल, आणि ती बंद पेटीत, प्लास्टिकला टेकून साठत राहते. प्रवाह वाढलेला नसल्याने एमसीबी पडत नाही. वीज जमिनीकडे गळत नसल्याने आरसीसीबीलाही काही कळत नाही. तांबे काळवंडते, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर लवकर चढत असल्याने हे चक्र अधिक वेगाने फिरते.

म्हणूनच पेटीचे पहिले काम पाणी अडविण्याचे नसून, जोड तापला तरी आग बाहेर पसरू न देण्याचे असते. चांगल्या पेटीच्या प्लास्टिकची तप्त तारेने चाचणी घेतलेली असते आणि ६५० किंवा ८५० अंश असा आकडा पेटीवर अथवा तिच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. घरगुती पेट्यांसाठी भारतीय मानक आयएस १४७७२ आहे. हा क्रमांक पेटीवर आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. कोणताही शिक्का नसलेली पातळ पांढरी पेटी काही रुपयांनी स्वस्त पडते. पण तिच्यात नेमके काय वितळणार आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

पेटीच्या आत तारा पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत आता सोडून द्यावी. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप हळूहळू सुटत जातो. स्क्रूचा किंवा खटक्याचा कनेक्टर हाच योग्य मार्ग होय. पेटीचा आकारही ऐसपैस हवा. दिव्यांसाठी १.५ आणि प्लगसाठी २.५ चौरस मिलिमीटरच्या तारा एकाच लहान पेटीत कोंबल्या, की झाकण दाबून बसवावे लागते आणि त्या दाबानेच एखादा जोड सुटतो. शंका असेल तेथे एक माप मोठी पेटी घ्यावी.

आयपी क्रमांकाचा अर्थ

उघड्यावर बसवायच्या पेटीवर आयपी ५५, आयपी ६५ असे क्रमांक असतात. यातील पहिला अंक धूळ व घन वस्तूंपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, तर दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. पहिला अंक ५ असेल तर थोडी धूळ आत जाईल पण काम अडणार नाही. ६ असेल तर धूळ मुळीच जाणार नाही. दुसरा अंक ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ६ म्हणजे जोरदार धार आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडणे.

येथे ग्राहकांची एक गफलत हमखास होते. क्रमांक जितका मोठा तितकी पेटी सर्व बाबतींत सरस, असा समज आहे. तो खरा नाही. आयपी ६५ ची पेटी धार सोसते, पण बुडाली तर टिकेल याची हमी देत नाही. आयपी ६७ ची पेटी बुडणे सोसते, पण तेवढ्यावरून ती धारेलाही पुरेशी आहे असे गृहीत धरता येत नाही. दोन्ही हवे असेल तर दोन्ही क्रमांक छापलेले असावे लागतात. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्याकोऱ्या पेटीवर होते. चार उन्हाळे तापलेल्या रबरी कडीबद्दल आणि खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या स्क्रूबद्दल हा क्रमांक काहीही सांगत नाही.

खोलीच्या आत, कोरड्या भिंतीवर साधी पेटी पुरते. न्हाणीघराबाहेर आणि झाकलेल्या ओटीवर आयपी ४४ किंवा ५५, तर उघड्या अंगणात, गच्चीवर, पाण्याच्या पंपाजवळ आयपी ६५ किंवा ६६ ची पेटी असावी. पाणी साचते अशा जागी जोडच असू नये. अगदीच नाइलाज असेल, तर जेल भरलेले, बुडाले तरी चालणारे जोड मिळतात.

भोक पाडले की क्रमांक गेला

क्रमांक पाहून महागडी पेटी आणायची आणि तिला पेचकसाने वाटेल तेथे भोक पाडून तार आत ढकलायची, हा प्रकार सर्रास चालतो. त्या क्षणी पेटीवरील क्रमांक निरर्थक होतो. तार आत जाईल तेथे तिच्या जाडीचाच ग्लँड हवा. ग्लँडमधील रबर गोल केबलभोवती आवळले जाते. दोन सुट्या तारा किंवा चपटी केबल एकाच गोल ग्लँडमधून नेली तर मधल्या फटीतून पाणी आत जाणारच. न वापरलेली भोके बुचाने बंद करावीत आणि केबल शक्यतो पेटीच्या खालच्या बाजूने आत न्यावी. केबल वरून येत असेल तर पेटीखाली तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते.

इतके करूनही आत पाण्याचे थेंब दिसतात, तेव्हा दोष पावसाचा नसतो. उन्हात पेटीतील हवा तापून बाहेर पडते आणि सरीने पेटी थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पेटी अशी दररोज श्वास घेत असते. यावर उपाय म्हणजे ती सावलीत बसविणे आणि उत्पादकाने तळाशी पाणी निघण्याची जागा दिली असल्यास तिचा वापर करणे. झाकणाला सिलिकॉन लावायचे असेल तर एक पथ्य पाळावे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तांब्याला खाते. त्याऐवजी तशी आम्लता नसलेले, न्यूट्रल प्रकारचे मागावे.

खाडीकाठी लोखंडी पत्र्याच्या पेट्या टाळणेच शहाणपणाचे. रंगाचा एक टवका उडाला की तेथून गंज पसरत जातो. अतिनील किरणांना तोंड देणारी पॉलिकार्बोनेटची पेटी येथे उत्तम. साधे पीव्हीसी उन्हात पिवळे पडते आणि ठिसूळ होते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, तेही शक्यतो ३१६ दर्जाचे. नेहमीच्या ३०४ दर्जावर खाऱ्या हवेत तांबूस डाग लवकर येतात. पेटी धातूचीच असेल तर तिला अर्थिंगची तार जोडलेली असलीच पाहिजे.

कोळीवाडा आणि वसाहत

माहुल गावातील कोळीवाड्यात अंगण हे कामाचे ठिकाण आहे. जाळी, मासळी, बर्फ, पाण्याचे पिंप यांच्या सान्निध्यात अनवाणी वावर असतो. मिठाच्या पाण्याने ओल्या झालेल्या त्वचेचा रोध बराच कमी होतो. शरीराचा रोध एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडण्यास याहून बराच कमी प्रवाह पुरतो. त्यामुळे येथे पेटीची उंची तिच्या दर्जाइतकीच महत्त्वाची ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी कोठवर चढले होते हे उपनगरांतील सखल भागांतील जुन्या घरांना नीट आठवते. त्या खुणेच्या वरच पेटी बसवावी. तुळशीवृंदावनाभोवती किंवा कुंड्यांमध्ये दिवे लावायचे असतील तर ट्रान्सफॉर्मर घरात ठेवून बाहेर १२ व्होल्टचीच तार न्यावी. सणासुदीच्या माळांचे जोड जमिनीवर पडू देऊ नयेत.

प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेल्या माहुलच्या वसाहतीतील प्रश्न निराळा आहे. तेथील हवा आणि गळक्या भिंती यांवरून रहिवाशांनी न्यायालयापर्यंत लढा दिला आणि हजारो सदनिका रिकाम्या राहिल्या. २०२५ मध्ये महापालिकेने यांतील नऊ हजारांहून अधिक घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विकण्याची योजना आणली. वर्षानुवर्षे बंद असलेल्या अशा घराचा ताबा घेणाऱ्याने रंगकामाआधी मेन स्विच बंद करून प्रत्येक पेटीचे झाकण उघडवून घ्यावे. वरच्या शौचालयातून झिरपणारे पाणी भिंतीतील कंड्युटमधून थेट पेटीत उतरते. झाकणाच्या आत गंजाचा ओघळ असेल तर तोच त्याचा पुरावा. हिरवे पडलेले टोक कापून, नव्या तांब्यावर नवा कनेक्टर लावावा लागतो. भिंतीला ओल असताना नुसती पेटी बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

पेटी प्लास्टरखाली किंवा पीओपीच्या छताआड गाडून टाकण्याची हौसही महागात पडते. वायरिंगविषयीच्या आयएस ७३२ या भारतीय मानकानुसार, मोजके अपवाद वगळता, जोड तपासणीसाठी हाताला लागेल असाच असायला हवा.

पेटी कितीही चांगली असली तरी तिच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहात फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. खाऱ्या हवेत त्याची यंत्रणा आखडू शकते, म्हणून त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबूनही तो पडला नाही, तर तो निकामी आहे असे समजून परवानाधारक वीजतंत्र्याकडून लगेच बदलून घ्यावा. अंगणातील पेट्या मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा उघडून पाहाव्यात. रबरी कडी कडक झाली असेल तर ती बदलावी, स्क्रू आवळावेत आणि आत मुंग्यांनी घर केले असेल तर ते ग्लँड सैल असल्याचे लक्षण समजावे.