मोकळी ठेवावयाची फट

सिॲटलजवळच्या रेडमंड या गावी, जेथे संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने गेली कित्येक वर्षे मराठी कुटुंबांची वस्ती वाढत आली आहे, तेथे माझ्या कन्येच्या घराच्या दक्षिण भिंतीवरून जून महिन्यातील एका सकाळी सहज तळहात फिरवला, तो हाताला खडूसारखी करडी भुकटी लागली. आणि त्याच भिंतीच्या तळाशी, वाफ्यातील माती जिथे फळीला येऊन टेकली होती, तिथे त्या फळीचे टोक भिजलेल्या पुठ्ठ्याप्रमाणे फुगून त्याचे पदर सुटू लागलेले दिसले. पहिली खूण रंगाच्या वार्धक्याची होती, दुसरी पाण्याच्या शिरकावाची. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी या दोन दुखण्यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे असते.

लाकडी सांगाड्याच्या घराला बाहेरून आडव्या फळ्या, वरचीचा काठ खालचीवर कौलाप्रमाणे चढवून, ठोकण्याची अमेरिकेत जुनी वहिवाट आहे; या आवरणास तिकडे ‘साइडिंग’ म्हणतात आणि अलीकडच्या असंख्य घरांवर ते फायबर सिमेंटचे असते. ऑस्ट्रियातील लुडविग हाटशेक यांनी कागद बनवण्याच्या कृतीच्या धर्तीवर, सिमेंट व ॲस्बेस्टॉसचे तंतू यांचे पातळ थर एकावर एक चढवून पत्रे करण्याची युक्ती काढली, १९०१ साली तिचे पेटंट मिळवले आणि आपल्या मालाला चिरंतनत्व सुचवणारे ‘एटर्निट’ हे नाव दिले. पुढे ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा १९८०च्या दशकात जेम्स हार्डी या ऑस्ट्रेलियन कंपनीने त्याच्या जागी लाकडाच्या लगद्याचे तंतू योजले. आजची फळी म्हणजे सिमेंट, दळलेली वाळू व हे तंतू यांचा, दाबाखालच्या वाफेत पक्व केलेला, सुमारे ८ मिलिमीटर जाडीचा तक्ता होय. तिला वाळवी लागत नाही, ती पेट घेत नाही. परंतु उघड्या पडलेल्या कापीव कडेतून ती पाणी मात्र पिते, आणि म्हणूनच रंग हा तिच्या शोभेचा जितका, त्याहून अधिक तिच्या रक्षणाचा भाग आहे.

सिॲटलचा वर्षाचा पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण आपल्याकडे जो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तो तिकडे ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत झिमझिमत राहतो आणि उत्तरेच्या भिंतीला वाळण्याची उसंत देत नाही, त्यामुळे तिच्यावर शेवाळ व बुरशी धरते. दक्षिणेची भिंत उन्हाळ्यातील दीर्घ दिवसांचे ऊन सोसते. त्यातील अतिनील किरणांनी रंगातील बांधून ठेवणारे द्रव्य क्षीण होते व रंगद्रव्याचे कण सुटे होऊन पृष्ठावर येतात. माझ्या तळहातावरची भुकटी ती हीच.

या भुकटीवर चढवलेला रंग भिंतीला न धरता भुकटीलाच धरतो आणि तिच्यासवे निघून येतो, म्हणून धुण्याच्या कामी हयगय करू नये. मऊ ब्रश, सौम्य साबण व नळाची साधी धार एवढ्याने काम होते; जोरकस यंत्राची धार फळीचा पृष्ठभाग ओरबाडते आणि पाणी सांध्यांच्या आत लोटते. बुरशीवर पातळ केलेले ब्लीच लावून ते स्वच्छ धुऊन काढावे, आणि भिंत दोन-तीन कोरडे दिवस तशीच सोडावी. मग काळे फडके घासून पाहावे. त्यावर अजूनही पांढुरके उमटले, तर भुकटी बांधून धरणारा प्रायमर प्रथम द्यावा. सुटलेले पोपडे हलक्या हाताने खरवडावेत. मात्र फळी कोरडी घासू नये, कारण तिच्यातील वाळूची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस जडवते. घर फार जुने असेल, तर फळीत ॲस्बेस्टॉस नाही याची तपासणीने खात्री झाल्यावाचून तिला हातही लावू नये.

फुगलेली फळी आम्ही बदलली, नव्या फळीच्या कापीव टोकांना बसवण्यापूर्वीच प्रायमर दिला आणि तळाशी सहा इंच अंतर राहील इतकी माती ओढून काढली. पण खरा धडा मिळाला तो खिडकीपाशी. खिडकीच्या माथ्यावर पत्र्याची एक पट्टी असते व ती आणि वरची फळी यांच्यात बोटाच्या पेराहून लहान अशी फट असते. ती जावयांनी दोन वर्षांपूर्वी, घराच्या मायेपोटीच, सीलंटने बुजवली होती. रंगाऱ्याने ते कापून काढले व वरची फळी उचलली, तेव्हा मागचा लाकडी तक्ता ओलीने काळवंडलेला निघाला. फळ्यांच्या मागे थोडे पाणी वा बाष्प कोठून तरी जातेच, आणि त्याने खाली उतरून बाहेर पडावे, याचसाठी ती फट व फळ्यांच्या आडव्या जोडांचे खालचे काठ मोकळे ठेवलेले असतात. फळी जिथे कोपऱ्याच्या किंवा चौकटीच्या उभ्या पट्टीला भिडते, तिथले सांधे मात्र भरावेत; तेही रंग धरणाऱ्या लवचीक सीलंटने, कारण निव्वळ सिलिकोनवर रंग टिकत नाही.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घर रंगवण्याचा आपला परिपाठ तिकडे चालत नाही. तेव्हा तर तिथला पावसाळा सुरू होत असतो. म्हणून जुलै-ऑगस्टची कोरडी मुदत साधावी लागते. सिमेंटमधील क्षार तेलाच्या रंगाचा साबण करून टाकतो, तेव्हा रंग शंभर टक्के ॲक्रिलिक असावा. तापलेल्या फळीवर तो भिनण्यापूर्वीच वाळतो, यास्तव उन्हामागून सरकणाऱ्या सावलीबरोबर घराभोवती फिरत काम करावे आणि दव पडण्यापूर्वी दोन-तीन तास ब्रश खाली ठेवावा. आमच्या रंगाऱ्याने प्रत्येक फळीचा खालचा काठ आधी रंगवला, मग तीच फळी टोकापासून टोकापर्यंत एका दमात नेली, आणि असे दोन पातळ हात दिले.

ऑक्टोबरात पहिली झड लागली त्या दिवशी मी छत्री घेऊन त्या खिडकीपाशी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने पत्र्याच्या पट्टीवरच्या त्या फटीतून एक थेंब बाहेर डोकावला, काठावर क्षणभर थबकला आणि नव्या रंगाला न शिवता खाली मातीत पडला.