एका शहराने घडविलेली सायकल

तुमच्या सायकलचे मागचे चाक नीट पाहा. त्याचे स्पोक मधल्या हबपासून सरळ बाहेर निघालेले नाहीत; ते हबच्या कडेने तिरपे जातात व एकमेकांना छेदतात. असे का?

स्पोकची बारीक तार दाबली तर वाकते, पण ताणली तर मोठे बल सोसते. म्हणून चाक ताणलेल्या तारांवर तोललेले असते. तारा त्रिज्येच्या दिशेने लावल्या, तर त्यांचा ताण केंद्रातून जातो व हब फिरविणारे परिबल त्यांना पेलता येत नाही. हब थोडा पिळला जातो. तारा स्पर्शिकेच्या दिशेने लावल्या, की हबचे फिरणे थेट रिमपर्यंत पोचते. या रचनेचे पेटंट १८७४ साली जेम्स स्टार्ली यांनी घेतले. ते इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात काम करीत.

कॉव्हेंट्रीच का? हे शहर रेशमी फिती व घड्याळे यांसाठी प्रसिद्ध होते. १८६० साली ब्रिटन व फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला, फ्रेंच फितींवरील जकात उठली आणि फितींचा धंदा कोसळला. हजारो विणकरांची उपासमार झाली. पण बारीक यंत्रकामात तरबेज असलेले कारागीर शहरात होतेच. शिवणयंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात स्टार्लीही होते. १८६८ साली पॅरिसहून एक दुचाकी तेथे आली आणि कारखान्याने तशा गाड्या बनविण्याचे काम हाती घेतले.

त्या गाडीचे पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले होते. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. म्हणून वेग हवा तर चाक मोठे हवे. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ४.७ मीटर. पण एवढ्या उंचावरून तोंडघशी पडणे धोक्याचे होते.

उपाय साखळीत होता. समजा, पुढच्या दातेरी चक्राला ४४ व मागच्याला १८ दाते आहेत. मग पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे घेते. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर असेल, तर गाडी सुमारे ५ मीटर पुढे जाते. चाक लहान, पण मजल तेवढीच! १८८५ साली स्टार्लींचे पुतणे जॉन केंप स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीतच 'रोव्हर' ही साखळीची सायकल बाजारात आणली. आजची सायकल तिचीच वंशज आहे.

साखळी, हवेचे टायर यांसारख्या काही सुधारणा इतर गावांतूनही आल्या. डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये बनविलेल्या हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली घेतले. पण त्या सर्वांची जुळणी करणारे हात एकाच शहरात एकवटले होते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली अशा गावांची तीन कारणे सांगितली: कसबी कामगार जवळच मिळतात, सुटे भाग बनविणारे छोटे कारखाने शेजारी उभे राहतात, आणि एकाची युक्ती दुसऱ्याला लवकर कळते. नोकरी बदलणारा कारागीर आपले ज्ञानही बरोबर नेतो.

हेच ज्ञान पुढे मोटारींना उपयोगी पडले. तीनचाकी सायकल वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून स्टार्लींनी १८७७ साली तिला डिफरन्शियल गिअर बसविला. तोच मोटारीतही लागतो. १८९६ साली डेमलर कंपनी कॉव्हेंट्रीत आली आणि १९०४ साली रोव्हरने पहिली मोटार बनविली.

आपल्याकडे लुधियानात हेच घडले. सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांच्या आधारावर तेथे हीरो सायकल्ससारखे (१९५६) मोठे कारखाने वाढले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. धंदा बुडाला तरी हातातले कसब बुडत नाही. मात्र ते टिकले तर नवी वस्तू घडते, विखुरले तर नाहीसे होते. तुमच्या गावात कोणता धंदा एकवटला आहे, त्याला कोणते जोडधंदे लागतात आणि त्या कारागिरांना आणखी काय बनविता येईल, याची यादी करून पाहा. आधी मात्र आपल्या सायकलचे दाते मोजा!