जुनी लाकडी बासरी आणि आजचा वादक

युरोपात आज असे अनेक वादक आढळतात, की जे वाद्यवृंदात चांदीची बासरी वाजवितात आणि जुन्या संगीताच्या मैफलीसाठी अठराव्या शतकातील घडणीची लाकडी आडवी बासरी हाती घेतात. पाहणाऱ्यास वाटावे, बासरी ती बासरीच. बोटे थोडी बदलली की झाले. प्रत्यक्षात अडचण बोटांपेक्षा श्वासाची व कानाची अधिक असते.

आजची बासरी ही म्यूनिकचा वादक-कारागीर थिओबाल्ड बोम याची देणगी होय. त्याने १८४७ मध्ये तिची नळी सारख्या व्यासाची केली आणि मोठी छिद्रे ध्वनिशास्त्रानुसार योग्य जागी पाडून त्यांवर चाव्यांची योजना केली. बारा स्वर जवळजवळ सारख्या ताकदीने वाजू लागले. अठराव्या शतकातील बासरीस सहा छिद्रे व बहुधा अवघी एक चावी असे. मधले कित्येक स्वर एक छिद्र उघडे ठेवून त्याखालची झाकून काढावे लागत. (आपला बासरीवादक अर्धे छिद्र उघडून कोमल स्वर काढतो, त्याहून ही रीत निराळी.) असे स्वर दबके, झाकोळलेले येत.

याला निव्वळ दोष म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. करुण स्वरावलीत हा झाकोळच रंग भरीत असे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा गुरू क्वान्ट्स याने तर बासरीस दुसरी चावी जोडली, ती डी शार्प व ई फ्लॅट हे स्वर वेगळे राखण्यासाठी! पियानोवर या दोहोंना पट्टी एकच. १७५२ च्या आपल्या ग्रंथात त्याने या चावीचे समर्थनही केले आहे. चांदीच्या बासरीने जे समत्व मिळविले, त्याची किंमत अशा सूक्ष्म भेदांनी चुकविली.

दोन्ही वाद्ये एकत्र वाजविताना पट्टीचाही प्रश्न येतो. आज ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० आंदोलनांचा मानतात. जुन्या संगीतासाठी बहुधा ४१५, म्हणजे सुमारे अर्ध्या स्वराने खाली. व्हायोलिनची तार सैल करता येते, लाकडाची नळी कशी करणार? अठराव्या शतकातील वादक निरनिराळ्या लांबीचे मधले तुकडे जवळ बाळगीत, ते यासाठीच.

शिवाय चांदीच्या बासरीत भरतो तेवढा जोराचा श्वास जुनीत फुंकला, तर स्वर फाटतो. प्रत्येक स्वर ओठांनी सावरावा लागतो. नव्या लाकडी बासरीस तर आरंभीचे काही आठवडे दिवसाकाठी मोजकी मिनिटेच वाजवून सरावास आणावे लागते. एकदम ओल बसली, तर लाकूड तडकते.