साखरेविना सफरचंदाचा गर

आजी ‘सफरचंद’ म्हणते, अज्जी ‘सेबु’. पण नातवाच्या वाटीत चिमूटभर साखर घालायला दोघीही टपलेल्या! मायेपोटीच, पण बाळाला २ वर्षांपर्यंत वरून साखर देऊ नये आणि पहिल्या वर्षात मधही नको. फळाची स्वतःची गोडी पुरेशी असते.

२ पिकलेली, गोड सफरचंदे सोलून, बिया काढून बारीक फोडी करा. पाव वाटी पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर १५ मिनिटे शिजवा. मऊ झाल्यावर रवीने घोटा. ६ महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी चाळणीतून गाळून घ्या. साखर नसल्याने हा गर जॅमसारखा टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून २ दिवसांत संपवा.

पहिला चमचा दोन्ही आज्यांना चाखवा. साखरेचा डबा आपोआप फडताळात जाईल!