पंचाचा निर्णय : अंतिमत्व आणि अचूकता

क्रिकेटच्या मैदानावर पंचाने तर्जनी उंचावली की फलंदाज बाद ठरतो. ही एकच खूण दोन कार्ये करते. चेंडू यष्टींवर आदळला असता, असे ती घडलेल्या गोष्टीविषयी विधान करते. आणि फलंदाजाचा डाव संपला, अशी घोषणाही करते. विधान खरे वा खोटे असू शकते. घोषणा मात्र त्याच क्षणी अमलात येते आणि विधान चुकीचे ठरले तरी ती टिकून राहते. पंचांच्या विसंगत निर्णयांविषयी प्रेक्षकवर्गात जो असंतोष वारंवार प्रकट होतो, त्याचे स्वरूप समजण्यासाठी ही दोन कार्ये निरनिराळी पाहणे अगत्याचे आहे.

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत निर्णय देणाऱ्या उक्तींचा त्याने एक स्वतंत्र वर्ग मानला असून, ज्यूरी व लवाद यांच्याबरोबर खेळातील पंचाचाही त्यात निर्देश केला आहे. एच. एल. ए. हार्ट या विधिमीमांसकाने १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात याच मुद्द्याची दुसरी बाजू मांडली. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, याचा अर्थ तो अप्रमाद असतो असा नव्हे. गुण मोजण्याचा नियम निर्णयापूर्वीच अस्तित्वात असतो आणि गुणलेखकही त्याला बांधलेला असतो. तसे नसते तर निर्णय ‘चुकला’ असे म्हणण्याला अर्थच उरला नसता.

नागपूरच्या प्रेक्षकांनी हा भेद प्रत्यक्ष पाहिलेला आहे. २९ जानेवारी २०१७ रोजी जामठा येथील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यात वीस षटकांचा आंतरराष्ट्रीय सामना झाला. अखेरच्या षटकात इंग्लंडला विजयासाठी ८ धावा हव्या होत्या. जसप्रीत बुमराच्या पहिल्याच चेंडूवर जो रूट पायचीत ठरला. चेंडू पॅडवर लागण्यापूर्वी बॅटीची कड घेऊन गेला होता, असे पुनर्दर्शनात दिसले. आणि चेंडू आधी बॅटीला लागला असेल तर फलंदाज पायचीत होऊ शकत नाही. भारताने तो सामना ५ धावांनी जिंकला. कर्णधार ऑयन मॉर्गन याने सामन्यानंतर आपली नाराजी उघडपणे बोलून दाखविली.

या नाराजीत दोन तक्रारी मिसळलेल्या होत्या. पहिली एका निर्णयाच्या चुकीची होती. दुसरी अधिक मूलगामी होती. त्याच दौऱ्यातील कसोटी व एकदिवसीय सामन्यांत पंचाच्या निर्णयाचे पुनर्विलोकन मागण्याची सोय होती. वीस षटकांच्या सामन्यांत ती नव्हती. म्हणजे तीच चूक त्याच महिन्यातील एकदिवसीय सामन्यात दुरुस्त होऊ शकली असती, नागपूरला ती कायम राहिली. सप्टेंबर २०१७ अखेर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे नवे नियम अमलात आले व वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतही ही सोय उपलब्ध झाली.

प्रेक्षक पक्षपाती असतो, म्हणून त्याच्या तक्रारीस महत्त्व देऊ नये, असा आक्षेप घेतला जातो. एका निर्णयापुरता तो बऱ्याच अंशी योग्य आहे. परंतु विसंगतीची तक्रार दोन निर्णयांची तुलना करते. ‘बाद’ हा शब्द समान प्रसंगी समान अर्थाने वापरला जावा, एवढीच तिची मागणी असते. आणि ही मागणी कोणत्याही एका संघाच्या बाजूची नाही.

यंत्राच्या साहाय्याने ही मागणी पूर्ण होईल, अशी अपेक्षा होती. ती अंशतःच सफल झाली. पायचीतच्या पुनर्विलोकनात चेंडूचा पुढील मार्ग हे अनुमान असते आणि त्यात थोड्या चुकीला वाव असतो. म्हणून चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टींवर आदळेल असे दिसल्यास मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. यालाच समालोचक ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात. परिणामी अगदी एकाच मार्गाने जाणारे दोन चेंडू पडद्यावर सारखेच दिसतात, पण एकावर फलंदाज बाद ठरतो व दुसऱ्यावर नाबाद. नियमाच्या दृष्टीने येथे विसंगती नाही, कारण जेथे पुरावा निर्णायक नाही तेथे प्रथम निर्णय देणाऱ्याचा शब्द मानावा असे तत्त्व आहे. प्रेक्षकाला मात्र ते तत्त्व दिसत नाही. दोन चित्रे तेवढी दिसतात.

अमेरिकन फुटबॉलमधील अनुभवही उद्‌बोधक आहे. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लीन्स येथील उपांत्य स्वरूपाच्या सामन्यात चेंडू पोहोचण्यापूर्वीच बचावपटूने प्रतिपक्षाच्या खेळाडूस धडक दिली, तरी पंचांनी दंड दिला नाही. लोकक्षोभानंतर अशा निर्णयांचेही पुनर्विलोकन करण्याचा नियम पुढील हंगामापुरता करण्यात आला. त्या एका हंगामानंतर तो चालू ठेवला गेला नाही. रेषा ओलांडली की नाही, हा मापनाचा प्रश्न आहे. धक्का अवाजवी होता की नाही, हा तारतम्याचा. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला चित्रफितीतून आपोआप उत्तर मिळत नाही.

येथे मराठी न्यायव्यवहाराच्या शब्दसंपत्तीचे स्मरण उपयुक्त ठरते. आज ‘राजीनामा’ म्हणजे पदत्याग. पेशवेकालीन पंचायतीत मात्र निवाडा मान्य करू, असे वादी व प्रतिवादी यांनी आधी लिहून दिलेले संमतिपत्र म्हणजे राजीनामा. उभयतांचे कथन व पुरावा नमूद करून दिलेला निर्णय म्हणजे निवाडपत्र. हरलेल्या पक्षाने आपला दावा सोडल्याचे लिहून दिलेला लेख म्हणजे येजितखत. पूर्वसंमती, कारणमीमांसा आणि स्वीकार या तिन्हींच्या आधारावर पंचांच्या शब्दाला अंतिमत्व प्राप्त होत असे.

खेळाडू मैदानात उतरतो तेव्हा राजीनामा दिल्यासारखाच असतो, आणि तंबूकडे परतताना न लिहिता येजितखतही देतो. उणीव आहे ती निवाडपत्राची. उंचावलेले बोट कारण सांगत नाही. तिसऱ्या पंचाचे बोलणे प्रक्षेपणात ऐकू येऊ लागले, ही त्या दिशेने झालेली प्रगतीच होय. कारण कोणता पुरावा कोणत्या क्रमाने तपासला, हे त्यातून कळते. निर्णयांतील चूक कोणत्याही पद्धतीने पूर्णपणे नाहीशी होणार नाही. परंतु कारण कळले की प्रेक्षकाला चूक आणि अन्याय यांत भेद करता येतो. ते न कळल्यास प्रत्येक चूक त्याला अन्यायच वाटते.